'आव्हाने आणि संधी' खोडून टाक

सप्रेम आशीर्वाद.

परदेशातल्या राज्यशास्त्राच्या पीएचडीच्या अर्जासाठी लिहिलेला तुझा एसओपीचा, म्हणजे उद्देशपत्राचा, मसुदा परवा रात्री वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात मी नुसती चिडले. 'लहानपणी बाबा रोज सकाळी अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवायचे, तेव्हापासून मला आंतरराष्ट्रीय राजकारणाची गोडी लागली' ही सुरुवात, आणि संशोधनाचा विषय 'भारत-पाकिस्तान पाणीप्रश्न: आव्हाने आणि संधी'. बाबांबद्दल मला आदर आहे, पण अर्ज तुझा आहे. आणि 'आव्हाने आणि संधी' ही सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची भाषा झाली. चार मुद्दे या बाजूचे, चार त्या बाजूचे, शेवटी 'पुढील वाटचाल'. यूपीएससीसाठी तीन वर्षं तू तेच लिहीत होतीस, हात तसाच वळलाय. दोष नाही तुझा, पण ती सवय आता मोडावी लागेल.

खरी गोष्ट तू तिसऱ्या पानावर कंसात टाकली आहेस. २०१९ च्या पुरात सांगलीत घरात पाणी शिरलं, गल्लीतला प्रत्येक जण कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या नावाने खडे फोडत होता, आणि तुला वाटलं की दोन शत्रू देशांनी सिंधूचं पाणी वाटून घेतलं, मग एकाच देशातल्या राज्यांना कृष्णेचं का वाटता येईना? अगं, हीच तुझी पीएचडी! आणि ती तू कंसात लपवलीस.

जरा नीट मांडून बघू. १९६० मध्ये कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सिंधू जलकरारावर सह्या केल्या, मध्यस्थ जागतिक बँक. तो १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही लढायांतून टिकला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने तो स्थगित केला. इकडे कृष्णेसाठी १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली आधी बच्छावत लवाद झाला, मग दुसरा लवाद. त्या दुसऱ्याने २०१० मध्ये दिलेला निवाडा सर्वोच्च न्यायालयात अडकून पडला. असं का, याची निदान तीन उत्तरं संभवतात. एक, तिकडे पैसे पुरवणारा तिसरा पक्ष होता, जागतिक बँक. दोन, सिंधू करारात मुख्यतः नद्या वाटल्या, तीन तुम्हाला तीन आम्हाला. कृष्णा एकच, तिचे टीएमसी (अब्ज घनफूट पाणी) मोजत बसावे लागतात. तीन, मुख्यमंत्र्याला त्याच खोऱ्यातल्या मतदारासमोर उभं राहायचं असतं. आता यातलं कोणतं उत्तर खरं, आणि ते खोटं ठरवायचं तर कोणता पुरावा लागेल? कुठली कागदपत्रं, कुणाच्या मुलाखती, कुठल्या तिसऱ्या नदीशी तुलना? एवढं दोन पानांत लिहिलंस तर समितीतला माणूस पेन खाली ठेवून वाचेल. बाबासाहेबांचा जातिसंस्थेवरचा निबंध पुन्हा एकदा काढ, पण या वेळी कसा रचलाय ते बघायला. ९ मे १९१६, कोलंबियातला सेमिनार, वय पंचवीस. आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघा अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात, प्रत्येकीत काय अपुरं आहे ते सांगतात, आणि मग 'जातीचं मर्म अंतर्विवाहात आहे', म्हणजे जातीतल्या जातीत लग्न करण्यात, असं म्हणून हा अंतर्विवाह टिकतो कसा, या एकाच प्रश्नामागे लागतात. हवा तेवढा मोठा विषय हाताशी होता, त्यांनी एकच धागा धरला.

रायटिंग सॅम्पलचं, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या लिखाणाच्या नमुन्याचं, तू विचारलं होतंस. एमएचा प्रबंध मराठीत आहे म्हणून लाजायचं कारण नाही. त्यातलं लवादावरचं प्रकरण स्वतः इंग्रजीत उतरव, पंचवीस-तीस पानांत बसव, वर एक ओळ टाक की मूळ मराठी प्रबंधातून घेतलंय. इंग्रजी साधं असू दे. एआयकडून गुळगुळीत करून घेऊ नकोस. त्या गुळगुळीतपणाचा वास आता लगेच येतो.

गणिताला घाबरतेस हे मला माहीत आहे. पहिल्या दोन वर्षांत संख्याशास्त्र सगळ्यांनाच शिकवतात, पण थोडी तयारी करून जा. त्यासाठी एक उदाहरण सांगते. मुंबई महापालिकेत महिला आरक्षणाच्या प्रभागांची सोडत निघते, हे आपण पेपरात वाचून विसरतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी त्या सोडतीकडे पाहिलं आणि ओळखलं की हा आयता प्रयोग आहे. २००९ च्या त्यांच्या लेखात दिसतं की मागच्या निवडणुकीत प्रभाग महिलांसाठी राखीव असेल, तर आरक्षण उठल्यावरही तिथून बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होते. अमेरिकेच्या राज्यशास्त्राच्या सर्वांत मानाच्या नियतकालिकात तो छापून आला. माहिती आपल्या महापालिकेतलीच होती.

आता शिफारसपत्रं. इथे माझंच हसं सांगते. पहिल्या वर्षी मी सात ठिकाणी अर्ज केले, सातही नकार. दोन सरांनी 'तूच लिहून आण, मी सही करतो' म्हटलं होतं, आणि मी दोन्ही पत्रं एका रात्रीत लिहिली. दोन्हींत मी कष्टाळू, प्रामाणिक आणि आज्ञाधारक! तिसरं पत्र प्राचार्यांचं, त्यांनी मला एक तासही शिकवलं नव्हतं. नकाराचं कारण कुणी कळवत नाही, पण ती पत्रं आज माझ्यासमोर आली तर मीही नकारच देईन. पुढच्या वर्षी माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक बाईंनी स्वतः पत्र लिहिलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की हिचं दुसरं प्रकरण आधी चुकलं होतं, मग हिने पुराभिलेखागारात जाऊन ते नव्याने कसं उभं केलं. तीनपैकी दोन पत्रं तरी अशा माणसांची हवीत ज्यांनी तुझं चुकलेलं लिखाण वाचलंय. त्यांना आत्ताच, ऑगस्टमध्ये गाठ. प्रबंध, एसओपीचा मसुदा आणि मुदतींचा तक्ता एकत्र दे. पत्र अपलोड करायची लिंक त्यांना ईमेलवर येते आणि हमखास स्पॅममध्ये जाऊन बसते, हेही सांगून ठेव. 'तूच लिहून आण' म्हणालेच, तर पत्राऐवजी मुद्दे लिहून दे: कुठला पेपर, काय मांडलं, काय सुधारलं.

अमेरिकेत मुदती बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. प्रवेश कुणाला द्यायचा हे त्या-त्या विभागाची समिती ठरवते, त्यामुळे तिथल्या प्राध्यापकाची आधी संमती लागत नाही. 'रिस्पेक्टेड सर' करून पन्नास जणांना एकच मेल धाडू नकोस. ब्रिटनमध्ये उलट: आधी गाइड शोधायचा, संशोधन आराखडा द्यायचा, पैशाची सोय वेगळी बघायची. अमेरिकेच्या अर्जात उपशाखा निवडावी लागते. नदीकरार धरून जाणार असशील तर आंतरराष्ट्रीय संबंध पहिली आणि तुलनात्मक राजकारण दुसरी ठेव. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी ऐच्छिक झालीय, प्रत्येकाचं पान उघडून बघ. तिथेच हेही बघ की या वर्षी प्रवेश आहेत का. २०२५ पासून बऱ्याच विद्यापीठांनी जागा कमी केल्यात, काही विभागांनी प्रवेशच थांबवले.

फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते. आठ अर्ज म्हणजे साठ-सत्तर हजार रुपये गेले. फी माफी मागता येते, माग, त्यात कमीपणा नाही. आठाच्या वर जाऊ नकोस. जिथे तुझ्या प्रश्नावर काम करणारे निदान दोघं नाहीत ते विद्यापीठ यादीतून काढ, नाव कितीही मोठं असू दे. आणि फंडिंग नसेल तर जायचं नाही. शिक्षण शुल्क माफ आणि पाच वर्षं स्टायपेंड, हीच तिथली चांगली रीत आहे. त्यासाठी शेत विकायला कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नकोस. ब्रिटनसाठी केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचा विचार करत असशील तर सावध, २०२२ पासून भारतावरचे सामाजिक अभ्यासाचे विषय त्यात बसत नाहीत. राज्याच्या योजनेचे नियम वेगळे आहेत, ते समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचार.

इकडच्या नेट परीक्षेचा फॉर्मही भर. जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं स्कूल १९५५ साली सुरू झालेल्या संस्थेतून उभं राहिलंय, तिथल्या ग्रंथालयात तुझ्या प्रश्नाचं निम्मं साहित्य आहे, आणि नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीचे महिना ३७,००० हातात पडले तर कुणासमोर हात पसरावा लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेचे निकाल येतील, होकार कळवायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. तेव्हा दोन्ही कागद समोर ठेवून बोलू.

रविवारी सकाळी फोन कर, दहानंतर. तोवर कंसातलं वाक्य पहिल्या ओळीत आलेलं असू दे. बाबांना मात्र नवा मसुदा इतक्यात दाखवू नकोस, अग्रलेख कुठे गेले म्हणून विचारतील.

तुझी,
मॅडम