लेकीला फॅशन टेक्नॉलॉजी करायचंय? ब्रोशर बाजूला ठेवा, प्रयोगशाळा बघून या

सोलापूरच्या दादांना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही जरा लांबेल. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं शाळेच्या गणवेशाचं शिलाई युनिट आहे, डझनभर मशीन आहेत. लेक बारावी सायन्सला, गणित चांगलं, चित्रकला बेताची. तिने एका खासगी विद्यापीठाचं ‘फॅशन टेक्नॉलॉजी आणि शाश्वत उत्पादन विकास’ असं नाव असलेलं ब्रोशर आणलंय आणि त्यातली फी बघून तुमचे डोळे पांढरे झालेत. नातेवाईक म्हणतात, फॅशन म्हणजे नट्टापट्टा. तुमचं म्हणणं, ‘आम्ही जन्मभर शिलाईत काढला, हिने तरी कम्प्युटर घ्यावं.’ आणि पत्राच्या तळाशी लेकीने स्वतः दोन ओळी लिहिल्यात : ‘बाबांच्या युनिटमधून रोज पोतं भरून चिंध्या निघतात. त्या कमी कशा करायच्या हे शिकायचंय. असा कोर्स असतो का?’

असतो. आणि दादा, त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. बारावीतली मुलं बहुतेक वेळा मला पगार किती, स्कोप किती, असं विचारतात. ही पोर एक नेमका प्रश्न घेऊन आली आहे. तिला अडवू नका. मात्र त्या ब्रोशरवर पैसे भरण्याआधी पुढचं सगळं वाचा.

आधी नातेवाइकांचा गैरसमज दूर करू. फॅशन डिझाइन आणि फॅशन टेक्नॉलॉजी ही दोन वेगळी शिक्षणं आहेत. डिझाइनला चित्रकला, कल्पना आणि रंगांची नजर लागते. टेक्नॉलॉजीला गणित, रसायनशास्त्र आणि मशीनची समज. कापड किती लागेल, शिवण किती ताण सहन करेल, धुतल्यावर किती आटेल, एक शर्ट शिवायला किती मिनिटं लागतात, रंग पक्का बसला की नाही, हे टेक्नॉलॉजीचे विषय. उदाहरणार्थ निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेचा चार वर्षांचा बी.एफ.टेक. (फॅशन टेक्नॉलॉजीची पदवी) बघा. बारावीला गणित असावं लागतं आणि प्रवेश परीक्षेत डिझाइनच्या मुलांसारखी चित्रं काढावी लागत नाहीत. तुमच्या लेकीची बेताची चित्रकला इथे आड येणार नाही.

आता तिच्या चिंध्यांकडे येतो, कारण या शिक्षणात नेमकं काय शिकवतात ते तिथेच दिसतं. तुमचे कटिंग मास्तर तागा उलगडून थर लावतात, त्यावर पुढा, पाठ, बाही, कॉलर आखतात आणि कापतात. ती आखणी म्हणजे मार्कर. पसरलेल्या कापडाचा जेवढा भाग शर्टात गेला तेवढी मार्करची कार्यक्षमता, उरलेलं पोत्यात. समजा हाफ शर्टाला १.२ मीटर कापड लागतंय आणि मार्कर ८० टक्क्यांचा आहे. तोच ८५ टक्क्यांवर नेला, तर शर्टामागे सात सेंटिमीटर वाचतात. हजार शर्टांना सुमारे ७० मीटर, म्हणजे आणखी साठेक शर्टांचं कापड. वेगवेगळ्या मापांचे तुकडे एकाच मार्करमध्ये गुंतवणं, पन्ह्यानुसार, म्हणजे कापडाच्या रुंदीनुसार, पॅटर्न किंचित बदलणं, बाहीचा कोन सरकवणं, अशा गोष्टींतून ते साधतं. तुमचे मास्तर यातलं बरंच नजरेने करत असणार. लेक ते सॉफ्टवेअरवर करायला शिकेल, आणि मुख्य म्हणजे किती वाचलं ते मोजायला शिकेल. म्हणजे तुम्हाला हवा असलेला कम्प्युटरही त्यात आलाच.

शाश्वत उत्पादन म्हणजे कापडी पिशव्या आणि हिरवी पानं छापलेलं लेबल, असा समज ब्रोशरांमुळे पसरलाय. खरं काम, म्हणजे कमीत कमी पाणी, रसायनं आणि कचरा यांत टिकाऊ कपडा बनवणं, कठीण आहे आणि म्हणूनच ते मला मोलाचं वाटतं. तुमच्या गणवेशाचंच बघा. कापड बहुधा पॉलिएस्टर मिसळलेलं. ते स्वस्त पडतं, इस्त्री कमी लागते, वर्षभर धुवून टिकतं. पण पॉलिएस्टर आणि सुताचे धागे एकदा एकत्र कातले की ते पुन्हा वेगळे करणं महाग आणि किचकट असतं, त्यामुळे तुमच्या चिंध्यांपासून नवं चांगलं सूत निघत नाही. मग शंभर टक्के सुती गणवेश करावा? तो लवकर विटतो, वर्षात दुसरा घ्यावा लागतो, खर्च गरीब पालकावर पडतो. की मिश्र कापडच ठेवून शिवणीत आणि खालच्या दुमडीत जास्त माया (आत दुमडलेलं जादा कापड) सोडावी, म्हणजे मूल वाढलं तरी तोच पिनो (मुलींचा बिनबाह्यांचा फ्रॉक) दोन वर्षं चालेल? मला विचाराल तर बऱ्याच शाळांसाठी हा तिसरा मार्ग सरस ठरेल. पण मत वेगळं आणि मोजून काढलेलं उत्तर वेगळं. कच्च्या मालापासून कपडा फेकेपर्यंत पाणी, वीज, रसायनं किती गेली याचा हिशेब मांडायची पद्धत आहे, तिला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. ती नीट शिकवणारं कॉलेज हवं.

या हिशेबात डोळसपणा किती लागतो पाहा. एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागतं हा आकडा सगळीकडे फिरतो. तो जागतिक सरासरीवरून काढलेला आहे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बहुतांश कोरडवाहू, म्हणजे पावसावरचा. तिथल्या शेतकऱ्याचा प्रश्न कालव्याच्या पाण्याचा नसतो, पावसाच्या लहरीचा, बोंडअळीचा आणि फवारणीचा असतो. तोच आकडा यवतमाळच्या कापसाला चिकटवणारा पदवीधर चुकीचा उपाय सुचवेल.

कापडाच्या प्रवासात सर्वांत जास्त घाण होते ती रंगाईत. सुती कापडाला गडद रिअॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) द्यायचा तर रंगाच्या पाण्यात लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ टाकावं लागतं, त्याशिवाय रंग धाग्याकडे ओढला जात नाही. तरीही काही रंग कापडावर न बसता पाण्यातच राहतो, आणि मीठ तर सगळंच. रंग काढता येतो. विरघळलेलं मीठ जिवाणूंच्या टाकीत निघत नाही. त्यासाठी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळावं लागतं आणि उरलेलं खारं पाणी आटवावं लागतं, ज्याला भरपूर ऊर्जा लागते. तमिळनाडूतल्या तिरुपूरने याची किंमत मोजली. नोय्यल नदी नासली, खालच्या गावांची शेती गेली, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली शेकडो रंगाई युनिट बंद करायला लावली. पुढे सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आपल्याकडे इचलकरंजी आणि पंचगंगेचं दुखणंही याच जातीचं आहे. कमी मिठात रंग कसा बसवायचा, आटवलेलं मीठ पुन्हा कसं वापरायचं, यावर काम करणारी माणसं हवीत, आणि ती रसायनशास्त्र मनापासून शिकलेलीच हवीत.

माणसांचाही हिशेब यात येतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ माणसं गेली, बहुतेक शिलाई कामगार. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेल्याचं दिसलं होतं. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या कारखान्यांतल्या बायांना मात्र कामावर बोलावलं. ज्या अभ्यासक्रमात शाश्वततेच्या नावाखाली कामगारांची सुरक्षा, वेतन आणि कामाचे तास हे धडे नाहीत, तो मला अर्धाच वाटतो.

नोकरीचं विचारलंत. मागणी येतेय ती मुख्यतः युरोपातल्या कायद्यांमुळे. जुलै २०२४ मध्ये युरोपीय संघाचा नवा इकोडिझाइन नियम लागू झाला. त्याखाली कपड्यांना पुढे डिजिटल पासपोर्ट लागेल, म्हणजे धागा कुठला, कापड कुठे विणलं, याची माहिती मालासोबत जाईल. न विकलेले कपडे नष्ट करायलाही मोठ्या कंपन्यांना बंदी केली आहे. तिथे माल पाठवणाऱ्या आपल्या कारखान्यांना ही कागदपत्रं खरी आणि तपासलेली द्यावी लागणार. खरी यावर मी जोर देतो, कारण २०२० मध्ये जीओटीएस या सेंद्रिय कापड प्रमाणपत्राच्या संस्थेला भारतात २० हजार टन कापसाची बनावट सेंद्रिय प्रमाणपत्रं सापडली होती. ताठ कण्याचा, प्रयोगशाळा आणि शॉप फ्लोअर (कारखान्यातलं प्रत्यक्ष काम) दोन्ही कळणारा माणूस या धंद्याला फार हवाय.

तरी चित्र रंगवून सांगत नाही. सुरुवातीचे पगार आयटीपेक्षा कमी असतात. पहिली काही वर्षं प्रॉडक्शन, क्वालिटी किंवा मर्चंडायझिंगमध्ये (खरेदीदाराची ऑर्डर सांभाळण्याच्या कामात), दिवसभर उभं राहून, शिपमेंटच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत काम असतं. कारखाने मोठ्या प्रमाणात बेंगळुरू, तिरुपूर, नोएडाकडे आहेत, घर सोडावं लागेल. सस्टेनेबिलिटीचं, म्हणजे शाश्वततेचं काम पाहणारं पद अनुभवानंतरच मिळतं आणि मिळावंही. कापड हाताने न ओळखणाऱ्याला कारखान्यात कुणी जुमानत नाही.

आता कॉलेज. तिचा ओढा आणि गणित बघता मी पहिला पर्याय बी.टेक.चा सांगेन. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत टेक्स्टाइलच्या शाखांसोबत फॅशन टेक्नॉलॉजीही आहे, आणि सभोवती सगळं गाव मागांचं. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत तंतू आणि कापड प्रक्रियेचं बी.टेक. आहे, मघाशी सांगितलेलं रंगाईचं रसायनशास्त्र तिथे खोलात जाऊन शिकता येईल. मुंबईचं व्हीजेटीआय आणि नांदेडचं एसजीजीएस या अभियांत्रिकी कॉलेजांत टेक्स्टाइल आहे. या सगळ्यांसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट. शिवाय निफ्ट, मुंबईचं केंद्र खारघरला. तिथली परीक्षा वेगळी, अर्ज हिवाळ्यात निघतात, म्हणून तारखांवर आत्तापासून लक्ष ठेवा. निफ्ट केंद्र सरकारची असली तरी फी सरकारी अभियांत्रिकी कॉलेजसारखी माफक नाही.

फीबद्दल एक गोष्ट तुमच्या कानावर गेलेली दिसत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलंय. प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून घ्यावा लागतो. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीची आणि लागू असतील ती इतर प्रमाणपत्रं आत्ताच काढायला टाका. जून-जुलैत सेतू केंद्रावर झुंबड असते. खासगी विद्यापीठाची जी फी तुम्ही लिहिलीत, तिच्यासमोर हा फरक किती मोठा आहे ते वहीत मांडून बघा.

परदेशाबद्दलही विचारलंत. जर्मनीत नीडरऱ्हाइन विद्यापीठाचा मोंशनग्लाडबाखचा कापड विभाग, स्वीडनमधलं बोरासचं टेक्स्टाइल स्कूल, ही नावं चांगली आहेत. पण बारावीनंतर लगेच नको. जर्मनीत आपल्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही, आणि स्वीडनमध्ये युरोपाबाहेरच्यांना फी भरावी लागते. इथे पदवी, मग दोन-तीन वर्षं कारखान्यात, मग मास्टर्स. तोवर तिचा प्रश्न आणखी धारदार झालेला असेल आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला स्वतःचं काम असेल.

ते खासगी विद्यापीठ एकदम बाद करू नका, पण तिथे दोघं मिळून जा आणि थेट प्रयोगशाळा दाखवायला सांगा. कापडाची ताकद मोजायचं यंत्र, धुलाई-घासणीत रंग उतरतो का ते तपासायची यंत्रं, छोटं रंगाई मशीन, पॅटर्न आणि मार्करचं सॉफ्टवेअर. यंत्रांवर धूळ आहे की वापराच्या खुणा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, तुम्ही मशीनवरचे माणूस. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, इंटर्नशिप कारखान्यात झाली की कॉलेजनेच उरकली. शाश्वततेचे विषय कोण शिकवतं आणि त्या शिक्षकाने कारखान्यात काम केलंय का, हेही विचारा. ब्रोशरमध्ये रॅम्पवरचे फोटो जास्त आणि यंत्रांचे कमी असतील, तर मी पैसे भरणार नाही.

लेकीसाठी एक काम. सीईटीच्या अभ्यासातून रविवारचा तासभर काढ. कटिंग झालं की पोतं वजनकाट्यावर ठेव, त्या दिवशी किती किलो कापड थरावर लागलं होतं तेही लिही, आणि टक्के काढ. फुल पँटच्या दिवशी आणि पिनोच्या दिवशी आकडा वेगळा येतो का, तो का येतो, हे मास्तरांना विचार. महिनाभराची वही झाली की तिचे फोटो मला पाठव. मार्करवर कुठे बोट ठेवायचं ते आपण बोलू, आणि कॅपमध्ये पसंतीक्रम भरायची वेळ येईल तेव्हा यादी माझ्याकडून एकदा बघून घ्या.