पहिला लॅपटॉप घेताना आधी त्याचा तळ बघा

बजेट बेताचं असेल तर वापरलेला थिंकपॅड टी480 (लेनोवोचा लॅपटॉप) शोधा. रॅमच्या (चालू कामाच्या मेमरीच्या) दोन खाचा आहेत, एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) बदलता येते, बाहेरची बॅटरी दोन खटके सरकवले की हातात येते. मॉडेल मात्र नीट वाचा. टी480एसमधली काही रॅम मदरबोर्डावरच (मुख्य सर्किटच्या पाटीवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली असते. ती गेली की बोर्डाला हात घालावा लागतो.

2021 मध्ये आलेल्या फ्रेमवर्क या लॅपटॉपमध्ये पोर्टसुद्धा (वायर लावायच्या जागा) सुटे निघतात आणि जुन्या सांगाड्यात नवा मदरबोर्ड बसतो. कल्पना फार चांगली आहे, पण बेळगावात सुटा भाग किती दिवसांत पोचेल हे आधी विचारा.

टी480 उघडताना लोक एकच चूक करतात: आत दुसरी बॅटरी असते हे विसरतात. लॅपटॉप सुरू करताना एफ1 दाबा, सेटिंगचा मेनू उघडेल; त्यात कॉन्फिग, मग पॉवर, आणि तिथे आतली बॅटरी बंद करा. नंतर चार्जर व बाहेरची बॅटरी काढा. तळाचे 6 स्क्रू सैल करा; ते झाकणातच अडकून राहतात, ओढू नका. कडेने प्लॅस्टिकची पातळ पट्टी फिरवा. स्क्रू ड्रायव्हर खुपसला की आतले हूक तुटतात.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात फौंड्रीजवळ (धातू ओतण्याच्या कारखान्याजवळ) काम असेल तर पंखा वर्षातून दोनदा तरी साफ कराच. तिथल्या धुळीत लोखंडाचे कण असतात, त्यातून वीज वाहते आणि बोर्डावर शॉर्ट होऊ शकतो. पातं बोटाने धरून मऊ ब्रश फिरवा. मोकळा पंखा ब्लोअरने गरगरवला तर बेअरिंग जातं.