साडेचार महिन्यांच्या बाळासाठी खेळणी कोणती घ्यावीत, आणि वॉकर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बाळ साडेचार महिन्यांचं आहे, नुकतंच पालथं पडायला लागलंय. त्याच्या हातापायांना बळ येईल अशी सुरक्षित खेळणी कोणती, आणि मावशी वॉकर भेट देणार आहेत तो घ्यावा का, असं तुम्ही विचारताय. मला दोन मुलं आहेत. मोठ्याच्या वेळी ज्या चुका झाल्या त्या धाकटीच्या वेळी टाळल्या, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

वॉकरचं आधी सांगते. घेऊ नका. चाकांच्या वॉकरमधलं बाळ एका सेकंदात मीटरभराहून जास्त अंतर कापू शकतं. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला असाल, तर तुम्ही उठेपर्यंत ते जिन्याशी पोचलेलं असतं. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे दुखापत होऊन सव्वा वर्षाखालच्या २,३०,००० हून जास्त बाळांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं, आणि त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश जिन्यावरून पडलेली होती. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. शिवाय वॉकरमुळे मूल लवकर चालतं हेही खरं नाही. त्यात बाळ झोळीत लटकल्यासारखं बसतं आणि चवड्यांनी जमीन ढकलत राहतं. तोल सांभाळणं, पडणं, पुन्हा उठणं यातलं काहीच त्याला करावं लागत नाही. माझा मोठा वॉकरमध्ये अगदी खूश असायचा, म्हणून मी त्याला रोज बसवायचे. पण खाली ठेवला की रडायचा, कारण जमिनीवर वीतभर सरकायलाही मेहनत लागते. तीच मेहनत त्याला हवी होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मावशींना नाही म्हणणं जड जात असेल, तर मागून ढकलत चालायचा पांगुळगाडा सुचवा. तोही बाळ स्वतःहून धरून उभं राहायला लागल्यावर वापरायचा. बूड रुंद आणि जड हवं. दांड्यावर हाताने खाली दाबून, मागे ओढून बघा. पुढची चाकं उचलली जात असतील तर तो बाळावर उलटेल. गाडा फार सुसाट पळत असेल, तर खालच्या खणात वजन ठेवा.

आता तुमच्या बाळाला या महिन्यात काय द्यायचं ते. सगळ्यात आधी मोकळी जमीन आणि त्यावर एक घट्ट दुपटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की जे बाळ अजून स्वतःहून हिंडत नाही, त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं ठेवावं. एका दमात नाही, चार-पाच मिनिटं अशी कितीही वेळा. खेळणं इथे कामाला येतं. ते अगदी नाकासमोर ठेवू नका, हात जेमतेम पोचेल असं आणि किंचित बाजूला ठेवा. मग बाळ एका कोपरावर भार टाकून दुसरा हात पुढे करतं. रांगण्याची सुरुवात या एका हालचालीत असते. त्यासाठी खेळणं गडगडत लांब जाणारं नको. कापडी कडं, बारीक मुठीचा हलका खुळखुळा, न फुटणारा छोटा आरसा, एवढं पुष्कळ झालं. खुळखुळा हलका का, तर या वयात उताणं पडलेलं बाळ हातातली वस्तू सर्रास स्वतःच्याच तोंडावर पाडतं.

पाचव्या-सहाव्या महिन्यापासून बाळ वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागतं. तेव्हा दोन्हीकडून धरता येणारी कडी उत्तम. बसायला लागल्यावर मोठा, घड्या असलेला कापडी चेंडू द्या. नऊ-दहा महिन्यांच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते, आणि तेव्हा एकात एक बसणारे कप आणि रुंद तोंडाचा डबा यांना तोड नाही. आपल्याला वाटतं पकडणं अवघड. बाळासाठी ठरवून सोडणं जास्त अवघड असतं. धाकटी डब्यात लाकडी चमचा टाकायची, काढायची, परत टाकायची. मी बाजूला बसून मोजायचे, वीस-वीस वेळा!

महिन्यांचे हे आकडे काटेकोर धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या पाहणीत निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागल्याचं वय ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं, आणि काही मुलं तर दोन्ही हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत.

खोक्यावरचा वयाचा आकडा मात्र काटेकोर पाळा. लोक तो बुद्धीचा आकडा समजतात आणि ‘आमचं बाळ हुशार आहे’ म्हणून तीन वर्षांपुढचं खेळणं आणतात. बहुतेक वेळा तो आकडा घशात अडकणाऱ्या लहान भागांसाठी असतो. असे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. घरी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे तुमची चाचणी आणखी कडक होते. तिच्यातून जे जाईल ते बाजूला ठेवा.

एवढ्यावर थांबू नका, कारण नवं खेळणं नळीतून जात नाही, तुटलेलं जातं. मोठ्याच्या खुळखुळ्याचं टोक नुसतं चिकटवलेलं होतं. तीन आठवड्यांनी ते निघालं आणि आतले मणी त्याच्या मुठीत सापडले. तोंडात गेले नव्हते, पण त्या दिवसानंतर मी आठवड्यातून एकदा प्रत्येक खेळणं धुताना पूर्ण जोर लावून ओढते, पिळते, शिवणी उसवतात का बघते. कापडी प्राण्यांचे डोळे भरतकामाचे असावेत, बटणाचे नकोत.

बटणासारख्या चपट्या बॅटरीबद्दल फार गंभीरपणे सांगते. ती अन्ननलिकेत अडकली, तर ओल्या त्वचेतून वीज वाहते आणि दोन तासांत आतून भाजतं. बॅटरी फुटावी लागत नाही, वापरून संपलेली असली तरी धोका असतो. म्हणून बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा. छोटी लोहचुंबकं दोन गिळली गेली, तर आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. या वस्तू बाळासाठी कोणी आणत नाही. त्या घरातल्या मोठ्या मुलाच्या खेळण्यांतून येतात. धाकटी रांगायला लागली तेव्हा मोठ्याची अशी सगळी खेळणी आम्ही झाकणाच्या डब्यात, टेबलावर हलवली. रोज संध्याकाळी मी स्वतः जमिनीवर आडवी होऊन सोफ्याखाली बघायचे.

वाजणारं खेळणं आधी स्वतःच्या कानाला लावून बघा. तुम्हाला खुपलं तर बाळाला नक्कीच खुपतं, कारण ते कानाशीच धरतं. आवाजाच्या जाळीवर चिकटपट्टी लावली की बराच फरक पडतो.

आणि हे याच आठवड्यात करा: पाळण्यावर किंवा पलंगावर लटकणारं खेळणं असेल, तर ते काढायची वेळ आली आहे. पाच महिने झाले, किंवा बाळ हातांवर भार देऊन उठायला लागलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते काढायचं, कारण दोरी गळ्यात अडकू शकते. कुठल्याच खेळण्याला वीतभराहून लांब दोरी नको. बाळ झोपेल तिथे मऊ प्राणी, उशा, काहीच ठेवू नका, आणि झोपवताना उताणंच झोपवा.

खेळता खेळता दोन्ही हातांकडे लक्ष असू द्या. वर्षाच्या आत बाळ सतत एकाच हाताने वस्तू घेत असेल आणि दुसरी मूठ बंदच ठेवत असेल, तर डावखुरं आहे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. खेळणं कधी उजव्या, कधी डाव्या बाजूला ठेवलंत तर हे तुमच्या आपोआप लक्षात येईल.