क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं, मग आणखी तपासणी कशाला?

प्रश्न : आईचं वय 58, नऊ वर्षांपासून शुगर. क्रिएटिनिन 1.1, लघवीत प्रोटीन ‘निल’. लॅबवाले म्हणाले, सगळं नॉर्मल. तरी डॉक्टरांनी लघवीची एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर) तपासणी लिहून दिली. ती खरंच लागते का? (लातूर)

लागते. क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, तो स्नायूंतून तयार होतो. अंगावर मांस कमी असेल तर तो मुळातच कमी निघतो. म्हणून वय आणि स्त्री की पुरुष हे धरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते याचा अंदाज. 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रानं 25 वर्षांच्या पुरुषाला 1.1 वर ईजीएफआर 95 च्या आसपास येतो. त्याच 1.1 वर तुमच्या आईचा येतो 58. मात्र एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. 60 च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला, तरच तो दीर्घकालीन किडनीविकार.

राहिलं प्रोटीन. साध्या तपासणीतल्या पट्टीला थोडंथोडकं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) दिसत नाही. शुगरमध्ये सुरुवात तर तिथूनच होते. एसीआर 30 च्या आत असेल तर ठीक. 30 ते 300 म्हणजे किडनीची चाळणी सैल पडायला लागली. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप किंवा लघवीला जळजळ असताना देऊ नका, आकडा खोटा चढतो. वाढलेला आलाच, तर तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा तसाच यायला हवा.

प्रश्न : भाऊ ऊसतोडीवरून आला तो लघवी काळ्या चहासारखी होतेय म्हणतच. अंगदुखीसाठी फडात रोज गोळी घ्यायचा. क्रिएटिनिन 1.9. गावात म्हणतात किडनी गेली, आता डायलिसिस. (धारूर)

गावाचं ऐकू नका, पण घरीही थांबू नका. लघवीचा रंग अजून तसाच असेल तर आजच दवाखाना गाठा. उन्हात कोयता चालवून स्नायू मोडले की त्यातलं मायोग्लोबिन हे प्रोटीन लघवीत उतरतं. मग पट्टीवर ‘ब्लड’ पॉझिटिव्ह येतं, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तांबड्या पेशी दिसत नाहीत. अशा वेळी रक्तातलं सीपीके (स्नायू मोडले की वाढणारं एन्झाइम) आणि पोटॅशियम तातडीनं बघावं लागतं.

दुसरं कारण पाण्याची तूट, आणि त्यात डायक्लोफिनॅकसारखी गोळी. ती किडनीकडं जाणारा रक्तपुरवठा आणखी आवळते. रिपोर्टवर युरिया असेल तर त्याला 2.14 नं भागा, म्हणजे बीयूएन (युरियातल्या नायट्रोजनचा आकडा) मिळेल. (युरियालाच बीयूएन समजण्याची चूक फार होते.) बीयूएन क्रिएटिनिनच्या 20 पटींपेक्षा जास्त आणि लघवी दाट असेल, तर बोट पाण्याच्या तुटीकडं जातं. गोळी बंद करून, सलाईन किंवा पाणी डॉक्टर सांगतील तसं देऊन दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन परत करायचं. उतरलं तर इजा ताजी होती. नाही उतरलं तर सोनोग्राफी: किडन्या आक्रसलेल्या दिसल्या तर दुखणं जुनं. दिवसभरात 400 मिलिलिटरपेक्षा कमी लघवी, धाप किंवा गुंगी असेल तर तपासण्यांची वाट न बघता भरती करा.

प्रश्न : लॅब तालुक्याला, एसटीनं दीड तास. लघवी घरून नेली तर चालते का? (भूम)

मे महिन्यात तर नकोच. खोलीच्या तापमानाला दोन तासांतच कास्ट (किडनीच्या नळ्यांत घडलेले सूक्ष्म साचे) विरघळायला लागतात, तांबड्या पेशी फुटतात, जंतू वाढतात. 42 अंशांत त्याहून लवकर. आणि तांबड्या पेशींचे कास्ट हीच तर किडनीच्या आतल्या सुजेची मोठी खूण. ती वाटेतच पुसली जाते. लॅबमध्ये जाऊनच नमुना द्या: पहिली धार सोडून मधली, लॅबनं दिलेल्या कोरड्या डबीत. औषधाची धुतलेली बाटली नको, तळाशी उरलेला साबणसुद्धा पट्टीला फसवतो. एसीआरचा नमुना मात्र बर्फाच्या डब्यात घरून आणला तरी चालतो, अल्ब्युमिन टिकतं. फक्त गोठवू नका.

प्रश्न : क्रिएटिनिनसाठी उपाशीपोटी जावं लागतं का? (जालना)

नाही. फक्त आदल्या रात्री मटणावर ताव मारू नका. शिजलेल्या मांसातलं क्रिएटिनिन रक्तात उतरतं आणि आकडा काही तास चढलेला राहतो.