फॉरमॅट मारायच्या आधी

घरचा कॉम्प्युटर अडखळतो, मध्येच गोठतो, अशी तक्रार या वेळच्या बऱ्याच पत्रांत आहे. इंदिरानगरच्या पत्राला सविस्तर उत्तर देते. त्यात एक गोष्ट अशी आहे की तिला उशीर झाला तर हाती काही राहणार नाही.

प्रश्न : ताई, आमचा कॉम्प्युटर २०१६ साली असेंबल करून घेतलेला आहे. सहाव्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. दिवाळीपासून तो फार छळतो आहे. सुरू होईपर्यंत माझा चहा-नाश्ता उरकतो. माउसचा बाण हलतो, पण फोल्डरवर क्लिक केलं तर निळं चक्र नुसतं फिरत राहतं आणि मिनिट-दोन मिनिटांनी सगळं एकदम उघडतं. अधूनमधून डब्यातून टिक-टिक असा आवाज येतो. यांच्या पेन्शनचे कागद, मुलीच्या लग्नाचे फोटो आणि निफाड-सिन्नरकडच्या बायकांकडून मी उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, सगळं यातच आहे. एक दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल.’ दुसरा म्हणतो, नवाच घ्या. काय करू?
– निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : काकू, फॉरमॅट मारू देऊ नका. आणि हे वाचून झाल्यावर पहिलं काम ओव्यांचं करा. ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या, स्वतःलाच ईमेलही करून ठेवा. बाकीचं मग.

एवढी घाई करते आहे ती त्या टिक-टिक आवाजामुळे. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. चकतीवरून एक बारीक हात पुढे-मागे सरकत माहिती वाचतो. चकतीचा एखादा भाग खराब झाला की तिथलं वाचता येत नाही, मग डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते. तेवढा वेळ विंडोज थांबून राहतं. बाण हलतो, कारण प्रोसेसर आणि रॅम जाग्या आहेत. फोल्डर उघडत नाही, कारण तो डिस्कवरून यायचा आहे. शेवटी वाचन जमलं, की अडलेलं सगळं एकदम पुढ्यात येतं. तुम्ही लिहिलेली लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात.

आता फॉरमॅटचं. दुकानात सहसा ‘क्विक फॉरमॅट’ करतात. त्यात फक्त फाइलींची अनुक्रमणिका नवी होते, चकतीवरची खराब जागा आहे तिथेच राहते. विंडोज नव्याने टाकल्यावर त्याच्या फाइली वेगळ्या जागी बसतात, म्हणून काही आठवडे मशीन खरंच पळतं. गिऱ्हाईक खूश होतं. मग नव्या फाइली पुन्हा त्या खराब पट्ट्यात जाऊ लागतात. तोवर जुने फोटो पुसलेले असतात आणि त्यांच्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलंही गेलेलं असतं. हे मी घरोघर पाहिलं आहे, म्हणून या बाबतीत मी हट्टी आहे.

कॉपी करतानाही क्रम ठेवा. पुन्हा कुठेच मिळणार नाही ते आधी: ओव्या, फोटो, मग पेन्शनचे कागद. पिक्चर्सचं अख्खं फोल्डर एका दमात ओढू नका, थोडं थोडं घ्या. एखाद्या फाइलवर कॉपी अडकून बसली तर ‘स्किप’ करून पुढे जा, तिच्याशी झगडत बसू नका. फोटो निघेपर्यंत ‘चेक डिस्क’ (डिस्कची तपासणी) आणि ‘डीफ्रॅग’ (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं) दोन्ही चालवू नका. दोन्हींत डिस्कला सगळीकडे धावावं लागतं आणि अर्धमेली डिस्क त्यातच संपू शकते. टिक-टिक सलग होऊ लागली किंवा डिस्क दिसेनाशीच झाली तर मशीन लगेच बंद करा. मग ते काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचं आहे, घरी प्रयोग नकोत.

फोटो सुरक्षित झाले, की माझा अंदाज तपासून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘डिस्क’ निवडा. मशीन अडलं असताना डिस्क १०० टक्के दिसते आणि ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हजारो मिलिसेकंदांवर जातो का, ते पाहा. धडधाकट डिस्कचा आकडा एरवी काही दहांत असतो. आणखी खात्री हवी तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचं मोफत साधन आहे. त्यात डिस्कची तब्येत निळ्या रंगात दिसली तर ठीक, पिवळी म्हणजे सावध व्हा, लाल म्हणजे डिस्क गेली. मी त्यातल्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहते. खराब जागांची मोजणी तिथे असते. या तिन्ही ओळी स्वच्छ असून सी७ चा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कच्या केबलचा असतो. केबल बदलली की काम होतं.

तुमच्याकडे मात्र डिस्कच निघेल असं मला वाटतं. तसं असेल तर नवा कॉम्प्युटर न घेता एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवून घ्या. २०१६ च्या मदरबोर्डावर साधी साटा (नेहमीच्या हार्ड डिस्कच्या केबलने जोडायची) एसएसडी चालते. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. फिरणाऱ्या डिस्कचा हात सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे ठिकाणी पोचतो, तर एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणचं वाचते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो बारीक फाइली मागतं, म्हणून फरक पहिल्या दिवशीच दिसतो. जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करायला सांगू नका. खराब डिस्कचा क्लोन बरेचदा मध्येच अडकतो. नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाका. तुमची प्रत अधिकृत असेल आणि बोर्ड तोच असेल तर ती नेटला जोडल्यावर सहसा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. जुनी डिस्क दुकानात ठेवून येऊ नका. घरी आणा, वर चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.

४ जीबी रॅमही आज कमी पडते. ब्राउझरच्या सात-आठ खिडक्या उघडल्या की रॅम भरते आणि विंडोज उरलेलं डिस्कवर टाकू लागतं. म्हणजे आजारी डिस्कवर आणखी ओझं. आणखी एक ४ जीबीची पट्टी बसवा. फक्त एक लक्षात ठेवा, सहाव्या पिढीच्या बोर्डांमध्ये डीडीआर३एल आणि डीडीआर४ असे दोन्ही प्रकार आलेले आहेत आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं, म्हणजे तुमचं मशीन त्या यादीत नाही. ओव्या टाइप करणं, फोटो पाहणं, यासाठी ते अजून काही वर्षं छान चालेल. तेवढ्यावर ते भंगारात काढणं मला पटत नाही. बँकेचे व्यवहार मात्र अपडेट बंद झालेल्या विंडोजवर करू नका. घरात कुणी मदतीला असेल तर एसएसडीवर विंडोजऐवजी ‘लिनक्स मिंट’ ही प्रणाली टाकून पाहा. ते मोफत आहे, युनिकोड मराठी त्यात नीट लिहिता येतं. पण ओव्या श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केल्या असतील तर विंडोज सोडण्याआधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर नव्या ठिकाणी अक्षरं ओळखू येणार नाहीत.

ज्यांच्याकडे टिक-टिक नाही, डिस्कही निळी दिसते आणि तरी मशीन रेंगाळतं, त्यांनी टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’ या भागात जावं. मशीन सुरू होताच उठून बसणारे, तुम्ही कधीच न वापरलेले प्रोग्राम तिथे दिसतील, ते ‘डिसेबल’ करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजमध्ये स्वतःचा डिफेंडर असतोच. ‘स्पीड बूस्टर’, ‘क्लीनर’ अशा नावाचं जे काही असेल ते सगळं काढा. आणि आठवड्यातून एकदा ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा आतला भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. कोरी सुरुवात होते ती रीस्टार्टनेच.

प्रश्न : आमचा कॉम्प्युटर चालता चालता एकदम थिजतो. बाणही हलत नाही, गाणं चालू असेल तर घर्र आवाज अडकून राहतो. बटण दाबून धरल्याशिवाय बंद होत नाही. घर जुना वाडा आहे. कॉम्प्युटर देवघराच्या खोलीत आहे, याचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : असू शकतो. पण आधी एक साधी परीक्षा करा. थिजल्यावर कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून जिवंत आहे आणि कशाची तरी वाट पाहतं आहे. मग वरचं उत्तर तुम्हालाही लागू. दिवाही हलत नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून तो हलणार नाही, तर रॅम, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय किंवा ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे बघायचं. नुसत्या उष्णतेने प्रोसेसर आधी मंदावतो आणि अगदीच असह्य झालं की मशीन स्वतःहून बंद पडतं.

तरीही सुरुवात साफसफाईने करा. धूप-उदबत्तीचा धूर तेलकट असतो, तो पंख्याच्या पात्यांवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटून नमद्यासारखा थर होतो. वायर काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाईल. मग बाजूचा पत्रा काढा. मऊ ब्रशने थर सोडवा आणि ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरचा हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचललात तर जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, तुरीच्या दाण्याएवढी पुरते.

मग रॅम. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घ्या आणि पट्टी काढा. तिचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. बरेच जण खोडरबर वापरतात. चालतं, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. पावसाळ्यात गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, घरांत ओल फार असते, तिथे एवढ्यानेच सुधारलेली मशीन मी पाहिली आहेत. तरीही थिजलं तर स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून चालवा. दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच ठेवून काही दिवस वापरा, दोषी कोण ते कळेल. बोर्डावर उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची टोपणं फुगलेली दिसली तर बोर्ड दुरुस्तीला द्या. पॉवर सप्लाय मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युत दाब शिल्लक असतो.

आणि देवघराजवळून मशीन हलवा. त्याच खोलीत दुसऱ्या भिंतीला, खिडकीजवळ ठेवलं तरी फरक पडेल.

प्रश्न : रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते आणि कुठलीच वेबसाइट उघडत नाही.
– एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : बोर्डावरचा सेल संपला आहे. सीआर२०३२ नावाचा नाण्याच्या आकाराचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात. सेल बदला, तारीख लावा, विषय संपला.

प्रश्न : मळ्यातल्या घरी कॉम्प्युटर आहे, त्यावर फवारणीच्या आणि मजुरीच्या नोंदी ठेवतो. विहिरीची मोटर सुरू झाली की तो गोठतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो. यूपीएस आहे. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात.
– द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, झिणझिण्यांचं आधी बघा, कॉम्प्युटरचं नंतर. याचा अर्थ त्या प्लगला अर्थिंग पोचत नाही. वायरमनला बोलावून तिसऱ्या पिनेपासून खड्ड्यापर्यंतची तार तपासून घ्या. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा त्यात पाणी घालत जा. तोवर घरातल्या मुलांना त्या मशीनला हात लावू देऊ नका.

मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि घरातलं व्होल्टेज कोसळतं. दिवे मिणमिणतात, त्याच क्षणी कॉम्प्युटर गडबडतो. हा धक्का यूपीएसने झेलायला हवा, पण त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते आणि दिवा मात्र हिरवाच राहतो. काम सेव्ह करून, सगळे प्रोग्राम बंद करून यूपीएसची वायर भिंतीतून काढा. मशीन ताबडतोब बंद पडलं तर बॅटरी गेली. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी वेगळी मिळते, अख्खा यूपीएस बदलायची गरज नाही. बॅटरी नवी घालूनही मोटरबरोबर गोठतच असेल तर पॉवर सप्लाय बदला. आणि नोंदींची एक प्रत दर शनिवारी, मजुरी वाटून झाली की, पेनड्राइव्हवर घेत जा.