एडीएचडीची गोळी आणखी किती वर्षं?
ताई, अकरा वर्षांचा मुलगा, एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तीन वर्षं मिथाइलफेनिडेट ही गोळी चालू, आणि "किती दिवस?" विचारलं की डॉक्टर "बघू पुढे" म्हणतात, हे तुमचं वाचून आमचंच घर आठवलं. मी डॉक्टर नाही, एका मुलीची आई आहे, तेवढ्या बेताने घ्या.

ठरलेली मुदत नसतेच. कुणाची गोळी काही वर्षांत सुटते, कुणी मोठेपणीही घेतं. पण "बघू" म्हणजे कधी, ते विचाराच. उपचारांचे नियम सुचवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शिकेनुसार औषधाची गरज अजून आहे का, हे वर्षातून एकदा तरी तपासायचं असतं आणि उंची दर 6 महिन्यांनी मोजायची असते. आमच्याकडे नुसतं "तेच चालू". उंची मोजायची पट्टी खोलीतच होती, तिच्यावर डॉक्टरांचा कोट टांगलेला असे. बाईंनी शाळेतून भरून दिलेला फॉर्म कुणी उघडलाही नाही.

खरा घात मुलीला 18 पूर्ण झाल्यावर झाला. मुलांचा विभाग म्हणे, आता आमच्याकडे नाही. मोठ्यांचा विभाग म्हणे, लहानपणीच्या निदानाचे कागद आणा. कागद पहिल्या विभागात, त्यासाठी अर्ज, अर्जाला उत्तर नाही. दोन्ही खिडक्या एकाच मजल्यावर! ऐन परीक्षेत गोळ्या संपल्या. औषध थांबवायचं असं कुणी ठरवलंच नव्हतं, तरी ते थांबलं. म्हणून निदानाचा अहवाल आणि डोसच्या नोंदी आत्ताच मागून घरी ठेवा.

बंद करून बघण्याबद्दल: नेदरलँड्समध्ये 2 वर्षांहून जास्त काळ गोळी घेणाऱ्या 94 मुलांवर एक चाचणी झाली, 2019 मध्ये छापून आली. नकळत खोट्या गोळीवर आणलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के मुलांचं बिघडलं, गोळी चालू असलेल्यांत सुमारे 16 टक्क्यांचं. म्हणजे गोळीचा उपयोग होताच, पण निम्म्याहून जास्त जणांचं तिच्यावाचूनही फारसं अडलं नाही. माझं मत विचाराल तर सुट्टीत बंद करून काही कळत नाही, तेव्हा लक्ष लावायचंच कुठे असतं? परीक्षेच्या तोंडावरही नको. मधले शांत आठवडे बघा, अर्थात डॉक्टरांना सांगून. ग्वानफेसिन किंवा क्लोनिडिन ही एडीएचडीचीच दुसरी औषधं चालू असतील तर ती एकदम मुळीच थांबवू नका, रक्तदाब उसळू शकतो.

आणि मुलाला विचारा हो. या वयापुढे बरीच मुलं गोळी गुपचूप टाळायला लागतात. आमची म्हणायची, भूकच मरते. गोळीच्या आधी पोटभर न्याहारी द्यायला लागलो, तेव्हा सकाळची निम्मी भांडणं मिटली.