ग्रामसभेत हिवतापावर बोलताना

प्रश्न : मी आशा (गावातली आरोग्य स्वयंसेविका) म्हणून काम करते. दर पावसाळ्याआधी ग्रामसभेत हिवतापावर बोलते. लोक माना डोलावतात, पण ताप आला की आधी पुजाऱ्याकडेच जातात. भाषणात काय बदलू?
– एक वाचक, ता. धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, डबकी बुजवा, मच्छरदाणी लावा, फवारणी करू द्या, गोळ्या खा, हे सगळं एकाच भाषणात आलं की घरी पोचेस्तोवर काहीच उरत नाही. तुमची अडचण तपासणीच्या उशिराची आहे. मग भाषण एकाच वाक्यावर उभं करा : ‘ताप आला, त्याच दिवशी रक्त तपासा.’ शब्द न बदलता तीनदा म्हणा. वस्ती माडिया-गोंडी बोलणारी असेल तर त्याच भाषेत. भाताची रोवणी लागायच्या आधी बोला, आठ-दहा मिनिटांत आटपा.

सुरुवात आकड्यांनी नको. ‘मागच्या पावसाळ्यात कोणाच्या घरी हुडहुडी भरून ताप आला?’ असं विचारा आणि हात वर होईस्तोवर गप्प राहा. भीती जरूर दाखवा. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या घातक जातीचा ताप मेंदूत गेला तर माणूस दगावतो, हे खरंच आहे. पण त्याच दमात वाट सांगा : बोटातला एक थेंब, १५ ते २० मिनिटं, गावातच निदान. नुसतं घाबरवलं तर माणूस पुजाऱ्याकडेच धावतो.

पुजाऱ्याला नावं ठेवू नका. आदल्या दिवशी भेटा, सभेत पुढं बसवा. ‘पूजा करू, पण आधी रक्त तपासा’ हे त्याच्या तोंडून आलं तर फार जड पडतं.

व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जातीच्या गोळ्यांसाठी १४ गोटे ओळीत मांडा, एक गोटा म्हणजे एक दिवस. तिसऱ्यावर बोट ठेवून सांगा : ‘व्हायवॅक्सचा ताप इथं उतरतो, क्लोरोक्विन संपते. पण यकृतात जंतू दडलेले असतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, थेट शेवटच्या गोट्यापर्यंत.’ मग उरलेले ११ उचला : ‘हे दिवस सोडले, तर काही महिन्यांनी तोच ताप, नवा डास न चावताही.’ फॅल्सिपेरमचा कोर्स ३ दिवसांचा असतो, हे गोटे मांडण्याआधीच सांगून टाका. नाहीतर ‘शेजाऱ्याला तीनच दिवस, मला चौदा का?’ म्हणून गोळ्या मध्येच सुटतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत, तेही सांगा.

शेवट माना डोलावण्यावर सोडू नका. प्रत्येक टोल्यातून (वस्तीतून) एकाला उभं करा : ‘रात्री कोणी तापलं तर माझ्याकडे कोण आणेल?’ नाव सगळ्यांदेखत वहीत लिहा आणि मोठ्यानं वाचून दाखवा.